चाक नसलेल्या गाडीची पूजा

आमच्या या डच गावात, न्यूनेनमध्ये, डोंगर नाही, टेकडी नाही, आणि बर्फ पडलाच तर तो मोजायला फूटपट्टी लागत नाही, पोस्टकार्ड पुरतं (तेही जाडीच्या बाजूने!). तरीही त्या वर्षी दसऱ्याला आमच्या परसात दोन स्नोमोबाइल उभ्या होत्या.

दोन! एक खोल, भुसभुशीत बर्फात डोंगर चढणारी. दुसरी खाचखळग्यांतून, दगडांवरून उड्या मारत जाणारी. आणि आमच्या परसात काय होतं? कोथिंबिरीची एक कुंडी, कपडे वाळत घालायची छत्री आणि चपातीएवढी हिरवळ.

यातली एक स्नोमोबाइल बाबांमुळे आली आणि दुसरी माझ्यामुळे. मला खरं तर एकही यायला नको होती. पण ते पुढे.

मी गार्गी. (इथल्या लोकांच्या घशातून माझं नाव 'खार्खी' असं बाहेर पडतं. त्याविरुद्ध मी अजून पत्रक काढलेलं नाही.) अकरा वर्षांची असताना पुण्याहून आईबाबांबरोबर इथे आले, आता टिलबर्गला शिकते आणि उरलेल्या वेळात निषेध करते. आमच्या गटाचं नाव 'शांत गल्ली'. मागणी एकच: आमच्या गल्लीत पेट्रोलवर घरघरणारं एकही यंत्र नको! पानं उडवायचं नको, गवत कापायचं नको, कुंपण छाटायचं नको! शनिवारी सकाळी माणसाला पक्षी ऐकू आले पाहिजेत. ही विनंती नाही, हा हक्क आहे!

या विषयावर मी सोळा पानांचं पत्रक लिहिलं होतं. आमच्या गटाची प्रमुख फेम्के ते हातात तोलून म्हणाली, "खार्खी, हे पत्रक नाही, ही शिक्षा आहे." डच लोक असे सरळ बोलतात. मीही सरळ बोलते, पण मी बोलले की त्याला उद्धटपणा म्हणतात. याचाही निषेध!

तर, तीन वर्षं आमच्यात कामाची वाटणी अशी होती: बोलायचं फेम्केने, आणि भर पावसात सायकलवरून घरोघरच्या पत्रपेट्यांत पत्रकं कोंबायची मी. पण त्या दसऱ्याच्या शनिवारी दुपारी बारा वाजता आमच्या गल्लीत पालिकेच्या बाई येणार होत्या, त्यांच्या हातात सह्यांचं निवेदन द्यायचं होतं, आणि भाषण करणार होते मी! फेम्के म्हणाली होती, "नीट बोललीस तर यापुढे तूच गटाचा चेहरा." चेहरा! तीन वर्षं मी नुसते दोन हात आणि एक सायकल होते. आरशासमोर मी भाषणाचा इतका सराव केला की आई म्हणाली, "हात एवढे नाचवू नकोस गं, भांडतेयस असं वाटतं."

"आई, भांडणच आहे ते!"

"मग आधी जेवून घे."

गल्लीत घरं एकोणीस. सह्या अठरा. पहिली सही शेजारच्या विल्माकाकूंची. वय सत्तरीच्या पुढे, कान खणखणीत. न झालेली एकोणिसावी सही आमच्या घरची. बाबा निवेदन तीन आठवडे वाचत होते.

"बाबा, सही करा ना!"

"करतो की. पण यात इंजिनची व्याख्या कुठे दिलीय?"

बाबा आइंडहोवनला, चिप बनवायची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहेत. दिवसभर नॅनोमीटरमध्ये विचार करतात आणि संध्याकाळी तोच नॅनोमीटर घरी घेऊन येतात. आमच्याकडे कुठलीही वस्तू 'घेतली' जात नाही, तिची 'तुलना' होते. एक्सेल उघडायचं, डावीकडे मुद्दे, वर मॉडेलं, प्रत्येक मुद्द्याला वेटेज, खाली बेरीज. पुण्यात असताना मिक्सरची तुलना संपली तेव्हा कंपनीने दोन्ही मिक्सर बनवायचे बंद केले होते. इथे आल्यावर आईच्या सायकलची तुलना आठ महिने चालली. आई आठ महिने चालत गेली.

आता सुधीरकाका. हा बाबांचा कॉलेजातला मित्र, स्वीडनच्या पार उत्तरेला नोकरी करतो. त्याने तिथे जंगलात एक लाकडी घर घेतलं आणि व्हिडिओ कॉलवर बाबांना म्हणाला, "पद्या, दोघांत मिळून एक स्नोमोबाइल घेऊ. तू तिकडे स्वस्तातली जुनी बघ, नाताळात मी ट्रेलर घेऊन येतो आणि तुझ्यासकट घेऊन जातो. हिवाळाभर उंडारू!"

बाबांच्या डोळ्यांत मी असं तेज फक्त एकदा पाहिलं होतं, एक्सेलची नवी आवृत्ती आली तेव्हा.

आणि नेमका टिलबर्गजवळच्या एका खेड्यात असा माणूस निघाला, जो पूर्वी नॉर्वेत पर्यटकांना स्नोमोबाइलवरून फिरवायचा आणि आता परत येऊन दोन गाड्या विकत होता. एक लाल, एक निळी.

"बाबा," मी जेवणाच्या टेबलावर हात आपटून म्हणाले, "ते वाहन नाही, तो गुन्हा आहे!"

"हो, पण गुन्ह्याचा पट्टा किती लांब आहे ते बघ आधी," बाबा लॅपटॉप माझ्याकडे वळवत म्हणाले. "या गाड्यांना मागे चाकं नसतात, रबरी पट्टा असतो रणगाड्यासारखा. लाल गाडीचा पट्टा लांब, वर हे एवढाले दात. वजनाला हलकी. छातीइतक्या भुसभुशीत बर्फात घाल, तरंगत वर चढते!"

"तुम्हाला आपला जिना चढताना धाप लागते," आईने आमटी वाढता वाढता आठवण करून दिली.

"मी कुठे चढतोय? ती चढते! म्हणून तर घ्यायची! पण कडक रस्त्यावर लाल कलंडते. पुढच्या स्की जवळजवळ आहेत ना. उलट निळी बघ. स्की लांब लांब, स्प्रिंगा दणकट, खड्डे लागले तरी कंबर शाबूत. पण खोल बर्फात घातली की रुतली!"

"सुधीरकाकाकडे काय आहे? खोल बर्फ की खड्डे?"

बाबांनी काकाला फोन लावला. काका म्हणाला, "अरे दोन्ही आहे! घराच्या मागे डोंगर, पुढे दगड!"

मित्राचा काडीचा उपयोग झाला नाही, त्यामुळे बाबा फारच खूश झाले. आता खरी तुलना करता येणार होती.

इथे मी माझ्या आयुष्यातली सर्वात हुशार चाल खेळले. (हसू नका. तेव्हा ती हुशारच वाटली होती.) बाबांशी वाद घालून उपयोग नव्हता. शनिवारी मी भाषण करणार 'एकही इंजिन नको' म्हणून, आणि माझ्याच परसात ताडपत्रीखाली स्नोमोबाइल? माझा चेहरा व्हायच्या आधीच पडला असता! पण बाबांना एक गोष्ट मुळीच जमत नाही: निर्णय. लाल आणि निळी जर अगदी तोडीस तोड निघाल्या, तर बाबा मिक्सरसारखे वर्षभर अडकून बसतील आणि एकही गाडी येणार नाही!

एक्सेल कुटुंबाच्या शेअर्ड ड्राइव्हवर होतं, आणि बाबांनी ते सुधीरकाकालाही उघडून दिलं होतं. टिलबर्गहून घरी येताना मी ट्रेनमध्ये फोनवर ते उघडलं आणि गुपचूप मुद्दे घालायला सुरुवात केली. लाल पुढे गेली की निळीच्या सोयीचा मुद्दा. निळी पुढे गेली की लालच्या. 'थर्मास न कलंडणे'. निळीला नऊ गुण. 'साडी नेसून एका बाजूला बसता येणे'. लालला सात. 'जेवणाचा डबा ठेवायला सपाट जागा'. 'मांडी घालता येणे'. 'दृष्ट लागण्याची शक्यता'. मी पेटलेच होते!

संध्याकाळी बाबा टाळी वाजवत म्हणाले, "हा सुध्या बघ! नाही नाही म्हणता काय एकेक मुद्दे काढलेत पठ्ठ्याने. थर्मास! माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!"

त्यांना वाटलं सुधीरकाकाच मुद्दे घालतोय. मी मान खाली घालून भाकरी मोडत राहिले. क्रांतिकारक असाच जेवतो.

बुधवारी बाबांनी निकाल जाहीर केला. अडतीस मुद्दे, आणि दोन्ही गाड्यांची बेरीज दशांशापर्यंत सारखी!

"टाय!" बाबा म्हणाले.

"अरेरे," मी म्हणाले. आतून मी गल्लीभर नाचत होते. "म्हणजे आता काहीच ठरवता येणार नाही. वाईट झालं."

"का ठरवता येणार नाही? टाय झाला की प्रत्यक्ष चाचणी! मी त्या माणसाशी बोललो. शनिवार-रविवार दोन्ही आपल्याकडे ठेवतोय तो."

"दो... दोन्ही?"

"आणि शनिवारी दसरा आहे," आई आनंदाने म्हणाली. "वाहनाला याहून चांगला दिवस कुठला?"

मी कपाळावर हात मारून घेणार होते, पण त्या हातात भाषण होतं.

शनिवारी सकाळी साडेदहाला ट्रेलर आला. टिलबर्गकडचा तो उंच माणूस आणि बाबा, दोघांनी मिळून मागच्या बोळातून दोन्ही गाड्या परसात आणून ठेवल्या. परसात पाय ठेवायला जागा उरली नाही. कोथिंबिरीची कुंडी निळीच्या सीटवर ठेवावी लागली. त्या माणसाने कॉफी घेतली, एक बिस्किट खाल्लं (एकच! पुढे केलेला डबा त्याने शांतपणे बंद करून परत दिला) आणि जाताना बजावलं, "बर्फाशिवाय चालवू नका. तापते."

"चालवणार नाही," बाबा म्हणाले. "फक्त ओवाळणार आहोत."

"उत्तम," तो म्हणाला आणि गेला. या देशात माणूस दुसऱ्याच्या परसातल्या भानगडीत नाक खुपसत नाही. नेमका त्या दिवशी कुणीतरी खुपसायला हवं होतं!

अकरा वाजले. मी आईला एका बाजूला, बाबांना एका बाजूला गाठून हात जोडले. "तासाभरात माझे लोक येतायत! पालिकेच्या बाई येतायत! निदान ताडपत्री टाका! आणि कृपा करून इंजिन सुरू करू नका!"

"सुरू न करता पूजा कशी होईल?" आई ताट सजवत म्हणाली. "हळद, कुंकू, फुलं, नारळ, आणि मग लिंबावरून गाडी पुढे घ्यायची. लिंबू चिरडलं की पूजा पुरी. तुझ्या आजोबांची स्कूटर असो की बाबांची इथली गाडी, सगळ्यांचं असंच केलंय."

"पण आई, हिला चाकं कुठे आहेत?"

आई थबकली. खरंच की! हातात चार लिंबं, आणि समोर गाडीला चाक एकही नाही.

"अहो, लिंबू कुठे ठेवायचं?"

असा प्रश्न बाबांना कुणी विचारला की त्यांचं वय वीस वर्षांनी कमी होतं. ते गुडघ्यावर बसले. "पुढे स्की आहेत, पण स्की नुसती घसरते, लिंबू चिरडणार नाही, बाजूला उडेल. म्हणजे भार कुठे येतो? पट्ट्यावर! पट्ट्याखाली, बरोबर मध्ये, एक लिंबू."

"एकच? मी चार आणलीत."

"मग दोन पट्ट्याखाली आणि दोन स्कीच्या पुढे. प्रतीकात्मक."

"देवाला प्रतीकात्मक चालतं का?"

"वेटेज कमी धर त्याला."

आईने मान्य केलं. पहिला मान लालचा, कारण लाल रंग शुभ. कुंकवाची बोटं ओढून झाली. मग माळ. आईने गार्डन सेंटरमधून झेंडूच्या कुंड्या आणून, सगळी फुलं खुडून, घसघशीत माळ ओवली होती. ती हँडलवर घातली आणि वारा आला. इथला वारा म्हणजे वारा नव्हे, तो शेजाऱ्यासारखा रोज येतो. माळ उडून कोथिंबिरीवर पडली. आईने ती परत घातली, या वेळी हँडलभोवती दोन वेढे घेतले, करकचून आवळली आणि साडीच्या निऱ्या खोचल्यासारखी पक्की खोचली.

आता एक तांत्रिक बाब सांगते, जी मला नंतर कळली. या गाडीला पायाशी काही नसतं. वेग वाढवायचा खटका हँडलवर, उजव्या अंगठ्याशी असतो. आईचे दोन्ही वेढे त्या खटक्यावरून गेले होते.

साडेअकरा. माझा संयम संपला. सह्यांचे कागद छातीशी धरून मी सरळ लाल गाडीवर चढले आणि ठाण मांडून बसले.

"धरणं!" मी ओरडले. "हे यंत्र सुरू होणार नाही! मी इथून उठणार नाही! काहीही झालं तरी उठणार नाही!"

मला वाटलं आई गडबडेल, बाबा समजूत काढतील. बाबा म्हणाले, "वा! बस, बस! रिकाम्या गाडीने लिंबू नीट चिरडलं नसतं. वजन हवंच होतं."

"बाबा, मी निषेध करतेय!"

"कर की. जरा पुढे सरकून कर."

आणि त्यांनी सीटजवळची एक लाल, पिळदार दोरी माझ्या जॅकेटला अडकवली. "ही सुरक्षेची दोरी. बसणारा खाली पडला की दोरी सुटते आणि इंजिन आपोआप बंद. किती साधी कल्पना आहे बघ!"

"मी या गाडीची कुठलीही सोय वापरणार नाही!"

"बरं बरं," म्हणत बाबांनी बाजूची स्टार्टरची मूठ खेचली. एकदा. दोनदा. आईने नारळ वर उचलला. विल्माकाकू त्यांच्या परसात कॉफीचा कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी नारळाकडे बघून मान डोलावली. (अशा गोष्टी त्यांना आमच्याकडे बघायची सवय आहे.) तिसऱ्यांदा बाबांनी मूठ खेचली...

सोळा पानं! मी त्या आवाजाविरुद्ध सोळा पानं लिहिली होती, आणि एकाही पानावर तो किती मोठा असतो हे नीट लिहिलेलं नव्हतं!

गाडी किंचाळली. किंचाळली म्हणजे सुरू झाली, आणि सुरू झाली म्हणजे निघाली! माळेने खटका दाबूनच धरला होता. पट्टा गरकन फिरला, दोन्ही लिंबं चिरडली गेली (आईचा आवाज आला, "झालं बाई पूजेचं!"), आमची हिरवळ मागच्या मागे बाबांच्या शर्टावर उडाली, आणि मी सह्यांच्या कागदांसकट विल्माकाकूंच्या हद्दीत शिरले.

"पड!" बाबा ओरडले. "गार्गी, पड!"

जगात कुठल्या बापाने एकुलत्या एका मुलीला असा आशीर्वाद दिला असेल? आई नारळ घेऊन मागे धावत होती. "अगं, बाबा सांगतायत ते ऐक! पड ना!"

दोरी माझ्या जॅकेटलाच होती. नुसती पडले असते की सगळं संपलं असतं. पण मी एक मिनिटापूर्वीच जाहीर केलं होतं की काहीही झालं तरी उठणार नाही. आणि माझं शरीर, जे माझं एरवी काडीचं ऐकत नाही, ते नेमकं त्या घोषणेशी एकनिष्ठ राहिलं! कागद दातांत, दोन्ही हातांनी हँडल गच्च, म्हणजे खटका आणखीनच गच्च. गाडी विल्माकाकूंच्या हायड्रेंजियाच्या झुडपांतून आरपार गेली, कोबीच्या वाफ्यातून गेली (खडबडीत जमिनीत लाल गाडी डुगडुगते हे बाबांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, माझे दात साक्षीला आहेत), आणि समोर आला तो ढीग.

विल्माकाकूंना अंगणात फरशी घालायची होती. फरशीवाल्याने वाळू उन्हाळ्यात आणून टाकली होती आणि तो स्वतः पुढच्या वसंतात येणार होता. बारीक, कोरडी, भुसभुशीत, पिवळी वाळू. माणसापेक्षा उंच. आमच्या गल्लीतला एकमेव पर्वत!

लाल गाडीने तो पर्वत पाहिला आणि तिला जणू माहेर दिसलं. नाक वर, मागून वाळूचा कारंजा, दात रुतवून, तरंगत, डुलत, ती चढली! चढतच गेली! खालून बाबांचा आवाज आला, आणि त्या आवाजात काळजी नव्हती, हे मी आयुष्यभर विसरणार नाही:

"चढली! अगं, चढली बघ! भुसभुशीतात चढली!"

शिखरावर पट्ट्याने स्वतःखालची वाळू उपसली, गाडी पोटावर बसली, आणि तिथेच बसल्या बसल्या भोकाड पसरून ओरडत राहिली. तेवढ्यात वाऱ्याने माझ्या दातांतला एक कागद सुटला. अठरा सह्या! तो पकडायला मी ताडकन उठून उभी राहिले, दोरी सुटली, आणि इंजिन बंद पडलं.

शांतता.

आमच्या गल्लीत इतकी शांतता मी कधीच ऐकली नव्हती. कुठेतरी एक पक्षी बोलला. मी वळून पाहिलं. बाजूच्या रस्त्यावर, सायकली हातात धरून, फेम्के, गटातली सगळी मंडळी आणि पालिकेच्या बाई उभ्या होत्या. निवेदन बारा वाजता द्यायचं असलं, तरी ही माणसं वेळेआधी येऊन कोपऱ्यावर थांबतात हे मला माहीत असायला हवं होतं!

मी शिखरावर. डोक्यात वाळू, मनगटात अडकलेली अर्धी तुटकी झेंडूची माळ, पायाखाली गरम धूर सोडणारी स्नोमोबाइल. पाठ केलेलं भाषण असलं की एक होतं, तोंड उघडलं की ते आपोआप सुरू होतं.

"नागरिकहो," मी म्हणाले, "आमच्या गल्लीत एकही इंजिन नको."

पालिकेच्या बाईंनी सायकल स्टँडवर लावली. मग म्हणाल्या, "याहून स्पष्ट प्रात्यक्षिक मी आजवर पाहिलेलं नाही." आणि निवेदन स्वीकारलं! एक सही कमी पडत होती, तीही झाली. बाबांनी वाळूत उभं राहून, अंगभर हिरवळ घेऊन, सही केली. "आता इंजिनची व्याख्या कळली," म्हणाले.

पुढचं थोडक्यात. त्या माणसाने रविवारी निळी परत नेली. लाल ठेवून घ्यावी लागली, कारण आई म्हणाली, "कुंकू लावलेलं परत द्यायचं नसतं." निळीला कुंकू लागायच्या आतच मी निघाले होते, म्हणून निदान एक वाचली. विल्माकाकूंच्या परसात बाबांनी आणि मी तीन शनिवार फावडं मारलं. नाताळात सुधीरकाका आला, लाल गाडी ट्रेलरवर चढवली आणि एक्सेलच्या गोष्टी निघाल्या.

"सुध्या, पण ते थर्मासचं तू मस्त काढलंस हां," बाबा म्हणाले.

"कसला थर्मास?"

बाबांनी फाइलचा इतिहास उघडला. कुणी, कधी, काय घातलं. अडतीसपैकी सव्वीस मुद्द्यांपुढे माझं नाव! मी दाराकडे सरकू लागले. बाबांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि भरल्या आवाजात म्हणाले, "तू? एवढा अभ्यास केलास माझ्यासाठी? आणि वरून विरोधाचं नाटक करत होतीस?"

मी मान डोलावली. तिथेच माझी चळवळ मनातल्या मनात एकदा वारली.

बाहेर मात्र ती जोरात होती. जानेवारीत फेम्केने गटाची बैठक बोलावली. "नवीन पत्रक काढायचंय," ती म्हणाली. "एकच पान. आणि खार्खी, मी शब्द दिला होता. या वेळी चेहरा तुझा."

चेहरा! मला भरून आलं. तिने कागद पुढे केला. पानभर माझा फोटो. वाळूच्या ढिगावर, लाल स्नोमोबाइलवर, दातांत कागद, डोळे बाहेर, मागे कारंजा. (त्या दिवशी गटातल्या कुणालाच मदतीला धावावंसं वाटलं नाही, पण फोटो काढायचं मात्र सुचलं!) आणि वर ठळक अक्षरांत एकच ओळ: 'हिला थांबवा!'

वाटायचं काम अर्थातच माझ्याकडे. भर पावसात, सायकलवरून, एकोणीस घरी. आमच्या पेटीत टाकलेलं बाबांनी लगेच काढलं आणि चढाईचा पुरावा म्हणून एक्सेलला जोडलं. विल्माकाकू दारातच उभ्या होत्या. पत्रक घेतलं. चष्मा लावला. फोटोकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. परत फोटोकडे बघितलं.

"खार्खी," त्या गंभीरपणे म्हणाल्या, "हे तुझं आजवरचं सगळ्यात पटणारं पत्रक. पेन दे, सही कुठे करू?"